अन्न हाही उपचारच

(गोंडपिपरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कर्करोगाच्या रुग्णाला औषध मिळाले की शासनाचे कर्तव्य संपले, असा समज आपल्याकडे रुजला आहे. मी वैद्य नव्हे, अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे. परंतु हा प्रश्न दोन्ही शास्त्रांचा आहे.

केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात. दुर्दैवाने आतड्याच्या अस्तराच्या पेशीही तशाच. हे अस्तर दर ३ ते ५ दिवसांनी नवे होत असते. फ्लुओरोयुरॅसिल, मेथोट्रेक्सेट, इरिनोटेकान यांसारख्या औषधांनी ते सोलवटले की तोंड येते, जुलाब लागतात, खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. वजन घटते आणि पुढचा डोस कमी करावा किंवा लांबवावा लागतो. अन्नाअभावी औषधच लंगडे पडते.

यावर महागडे डबे हा उपाय नव्हे. ग्लुटामाइनची भुकटी सर्रास द्यावी, इतका पुरावा नाही. आपल्या धानाच्या मुलखातली पेज, मऊ भात, मुगाचे वरण, पूर्ण उकडलेले अंडे, केळे हे थोडे थोडे, अनेकदा द्यावे. दूध काही काळ सोसत नाही, कारण त्यातली साखर पचविणारे द्रव्य त्या अस्तरातच तयार होते. तिखट आणि खर्रा वर्ज्य. जुलाबात १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पाजावे. ताप आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

आता हिशेब पाहा. ४० किलो वजनाच्या स्त्रीला रोज ४० ते ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात असतात सुमारे ६ ग्रॅम. नागपूर-सेवाग्रामच्या खेपांत रुग्णाची आणि सोबत्याची, दोघांचीही मजुरी बुडते. मग ही प्रथिने कोठून यावीत?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून केमोथेरपी मिळते. घरच्या ताटाची सोय होत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगी बसतो. पण तिची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे २१,००० रुपयेच राहिली. क्षयरोग्याला मात्र उपचारकाळातील आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये देण्याचे ठरले. रक्कम तोकडी असेल. पण आहार हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व शासनानेच मान्य केले. ते कर्करोग्याला का लागू नसावे?

पैसा कोठून आणावा, असे विचारले जाईल. भुकेपायी अर्धवट राहिलेल्या उपचारावर खर्ची पडलेला पैसा कोणाचा असतो? तो जनतेचाच असतो.

म्हणून आपल्या मागण्या तीन : केमोथेरपीच्या काळात आहारभत्ता, ग्रामीण रुग्णालयात वजनाची नियमित नोंद व आहारसल्ला, आणि निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वाढविणे. त्या मान्य होईपर्यंत आपल्या गावातील रुग्णाचा अर्ज भरून देणे आणि त्याच्या घरी चूल पेटते की नाही हे पाहणे, एवढे काम आपल्या हातचे आहे.