संगणकाच्या कारागिरांची अवजारे



संगणकाला कामे सांगणारी जी मंडळी असतात त्यांना प्रोग्रॅमर म्हणतात. मंडळी तशी शांत. पडद्यासमोर बसायचे, कळा दाबायच्या, मधूनमधून चहा घ्यायचा. पण त्यांच्यात एक भांडण १९७६ सालापासून चालू आहे आणि ते अजून मिटलेले नाही. भांडण कशावरून म्हणाल, तर प्रोग्रॅम लिहायचा कशात आणि त्यातली चूक शोधायची कशी, यावरून!

आपल्याला हसू येईल. पण राळेगाव किंवा घाटंजीच्या एखाद्या पारावर जाऊन नुसते विचारून पाहा, की पऱ्हाटीत डवरा बैलाचा बरा की ट्रॅक्टरचा? मग संध्याकाळ कशी जाते ते कळणार नाही. जमीन ओली असली की ट्रॅक्टर रुततो, बैल चालतो. पण बैलजोडी वर्षभर पोसायची कुणी? ज्याचे त्याचे कारण त्याच्या वावरातून आलेले असते. प्रोग्रॅमरांचेही तसेच आहे, आणि आज मला त्या कारणांविषयीच बोलायचे आहे. आपल्या जिल्ह्यातली पोरे आता या धंद्यात शिरत आहेत आणि त्यांच्या हातात पहिले अवजार कोणते द्यायचे हे गुरुजींना ठरवावे लागते, म्हणून हा विषय.

प्रोग्रॅम म्हणजे काय, हे आधी दोन शब्दांत सांगतो. प्रोग्रॅम म्हणजे लेखन. ओळीखाली ओळ लिहिलेल्या सूचना. पुस्तकी मराठीत त्याला आज्ञावली म्हणतात. ती लिहायला एक पाटी लागते, तिला एडिटर म्हणतात. लिहिलेले यंत्राच्या भाषेत उतरवायला एक दुभाषा लागतो. आणि चुकले तर चूक हुडकायला एक साधन लागते. ही तिन्ही एकाच छपराखाली आणली की झाले 'डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट'. आपण त्याला सुसज्ज कारखाना म्हणू. दुसरा मार्ग म्हणजे काळा पडदा, त्यावर एक लुकलुकणारी खूण, आणि आपण टंकलेली आज्ञा. ही 'कमांड लाइन'. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. जे हवे ते अक्षरांत सांगायचे.

आता ते १९७६ चे भांडण. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने 'व्हीआय' नावाचा एडिटर लिहिला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'ईमॅक्स' उभा केला. ईमॅक्सवाल्यांचे म्हणणे, सगळे घर एकाच वाड्यात असावे. व्हीआयवाल्यांचे म्हणणे, खुरपे लहान असावे पण धार पाहिजे.

व्हीआयच्या आज्ञा फार तोकड्या आहेत. 'डी' हे अक्षर दोनदा दाबले की सबंध ओळ नाहीशी होते. नवख्याला हा जादूटोणा वाटतो. पण असे का केले? बिल जॉय घरून टेलिफोनच्या तारेवर काम करी आणि त्या तारेतून सेकंदाला जेमतेम ३० अक्षरे जात. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १,९२० अक्षरे. सबंध पडदा एकदा भरायला मिनिटाहून अधिक वेळ! अशा ठिकाणी माणूस एकेक अक्षर तोलूनच वापरणार. शिवाय त्याच्या यंत्राच्या कळफलकावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांच्या कळांवरच बाण काढलेले होते. आजही जगभर हजारो लोक त्याच चार अक्षरांनी वरखाली हिंडतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते यंत्र डोळ्यांनी पाहिलेलेही नाही. आपण 'ही माझी आवड' म्हणतो ती पुष्कळदा कुणाची तरी जुनी अडचण असते, ती अशी.

व्हीआयचा सुधारलेला अवतार म्हणजे 'विम'. तो नेदरलँड्सच्या ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवला. फुकट. मात्र तो नुसता उघडला की पहिल्याच पडद्यावर युगांडातील गरीब मुलांना मदत करा अशी विनंती दिसते. मोलेनार स्वतः तिथे काम करून आले होते. २०२३ मध्ये ते वारले. विनंती मात्र राहिली. विमचा एक गुण भारनियमन सोसलेल्या माणसाला लगेच पटेल. दोनशे अक्षरे टंकली, किंवा चार सेकंद हात थांबला, की तो लिहिलेले गुपचूप बाजूला टिपून ठेवतो. वीज गेली, पुन्हा आली, की पुष्कळसे परत मिळते.

आपल्याकडचा इतिहास वेगळा आहे. पुसदला १९८३ मध्ये बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, यवतमाळला १९९६ मध्ये जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्या काळात महाराष्ट्रातल्या कॉलेजांत सी ही भाषा शिकली म्हणजे निळा पडदा पाहिला. तो बोर्लंड कंपनीचा 'टर्बो सी'. हा १९८७ चा कारखाना. लिहा, एक कळ दाबा, चालवा. आणखी एक कळ दाबा, प्रोग्रॅम एकेक पायरी उतरताना पाहा. सोबतीला नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी' हे पुस्तक. विदर्भातला माणूस पुस्तक लिहितो आणि सबंध देशातली पोरे त्यावरून शिकतात, ही आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

पण त्या निळ्या पडद्याने एक घोटाळाही केला. त्यात पडदा पुसायची आणि कळ दाबेपर्यंत थांबायची अशा काही खास सोयी होत्या. त्या सी भाषेच्या नव्हेत, त्या कंपनीच्या. पोरांना वाटे, हीच सी. मग पोरगा पुण्याला नोकरीला गेला, समोर लिनक्सचा काळा पडदा आला, आणि पाठ केलेल्या पहिल्या तीन ओळींवरच यंत्राने नकार दिला. भाषा येत होती, पण ती एकाच घरातली. कारखाना वाईट नव्हता. त्याच्या भिंतीबाहेर काय आहे हे कुणी दाखवले नव्हते, इतकेच.

आज मायक्रोसॉफ्टचा 'व्हिज्युअल स्टुडिओ कोड' चलतीत आहे. तो २०१५ मध्ये आला, फुकट मिळतो. 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने २०२३ मध्ये प्रोग्रॅमरांची पाहणी केली तेव्हा सुमारे ७४ टक्के लोक तो वापरत होते. विम वापरणारे सुमारे २२ टक्के. बेरीज शंभराच्या जवळ आली म्हणून फसू नका; पुष्कळजण दोन्ही वापरतात. शहाणा शेतकरी डवराही ठेवतो आणि खुरपेही ठेवतो.

बरे, त्या काळ्या पडद्याचा सामान्य माणसाला उपयोग काय? एक उदाहरण घेऊ. २०१७ साली राज्यात शेतकरी कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन, याद्या संगणकावर. दिवाळीच्या सुमारास याद्या बाहेर आल्या आणि एकच आधार क्रमांक अनेक शेतकऱ्यांच्या नावापुढे असल्याच्या बातम्या छापून आल्या. तपासणी पुन्हा करावी लागली, आणि ज्याचे नाव अडकले तो बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिला. यवतमाळच्या माणसाला यादीत नाव अडकणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आता अशी यादी समजा आपल्यापुढे आहे. लाखो ओळी. एकच क्रमांक दोनदा आला आहे का, एवढे पाहायचे आहे. काळ्या पडद्यावर तीन शब्द लागतात. 'कट' म्हटले की क्रमांकाचा रकाना कापून वेगळा होतो. 'सॉर्ट' म्हटले की क्रमाने लागतो, म्हणजे सारखे सारख्याशेजारी येतात. 'युनिक' म्हणून दुबार आलेलेच दाखव म्हटले की तेवढेच उरतात. तिन्हींच्या मध्ये एकेक उभी रेघ. ती रेघ म्हणजे पाट. एकातून निघालेले पाणी दुसऱ्यात जाते. युनिक्समध्ये ही युक्ती १९७३ मध्ये डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने आली. चित्रांच्या पडद्यावर ही तपासणी होत नाही असे नाही. पण इथे तुम्ही काय केले ते एका ओळीत लिहिलेले राहते. उद्या नवी यादी आली की तीच ओळ पुन्हा चालते, आणि कुणी हिशेब मागितला तर ती ओळ दाखवता येते.

आता चूक शोधण्याकडे वळू. प्रोग्रॅममधल्या चुकीला इंग्रजीत 'बग', म्हणजे किडा, म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-दोन या यंत्रात खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. शब्द त्याआधीपासूनच होता. एडिसनच्या काळीही यंत्रातल्या दोषाला किडा म्हणत. आपल्याला ही उपमा समजवावी लागत नाही. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड साजरे दिसते. मग आपण काय करतो? कामगंध सापळे लावतो आणि सापळ्यात किती पतंग पडले ते मोजतो. ओळीने तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग निघाले तर उपाय करायचा.

प्रोग्रॅमरांतला मोठा वर्ग अगदी हेच करतो. प्रोग्रॅममध्ये जागोजाग एकेक ओळ घालायची, 'इथवर आलो, आता रक्कम इतकी आहे' असे छापणारी. जिथे छापलेला आकडा बिघडला त्याच्या जरा वर किडा. युनिक्सच्या मंडळीतले ब्रायन कर्निघन यांनी १९७९ मध्येच लिहून ठेवले आहे, की सावकाश विचार करणे आणि मोक्याच्या जागी छापणाऱ्या ओळी घालणे, यासारखा उपाय नाही.

एक साधा नमुना सांगतो. शाळेच्या शिष्यवृत्तीची यादी आहे. मेश्राम आडनावाची मुलगी हजेरीत आहे, पण प्रोग्रॅम म्हणतो की ती नाहीच. नाव पडद्यावर छापले तर दोन्हीकडे 'मेश्राम' असेच दिसते. आता काहून बा जुळत नाही? मग नावाच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक कंस छापून पाहायचा. एका यादीत कंस नावाला चिकटून येतो, दुसऱ्या यादीत बोटभर लांब. कुणीतरी नाव टंकताना शेवटी एक मोकळी जागा सोडली. माणसाच्या डोळ्याला ती दिसत नाही, यंत्राला ती अक्षरासारखीच वाटते. मुलीची शिष्यवृत्ती त्या मोकळ्या जागेत अडकली होती.

दुसरा वर्ग 'डीबगर' वापरतो. यात चालता प्रोग्रॅम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि आतली प्रत्येक किंमत उघडून पाहायची. छापणारे या लोकांना आळशी म्हणतात. ते मला पटत नाही. गुंता मोठा असेल, कोण कुणाला बोलावतो हेच कळत नसेल, तेव्हा थांबवून पाहण्याला तोड नाही. उलट कधी कधी थांबवल्यामुळेच चूक लपते. दोन कामे शर्यत लावून धावत असतील तर थांबवल्याबरोबर शर्यतच मोडते. तिथे छापून पाहणारा पुष्कळदा जिंकतो, जरी छापण्याच्या वेळानेही शर्यत थोडी हलते.

तिसरी रीत मला सगळ्यांत आवडते, ती निम्म्याची. विहिरीपासून वावरापर्यंत हजार फूट नळी पुरली आहे आणि शेवटी पाणी येत नाही. शहाणा माणूस एका टोकापासून खणत जात नाही. मधोमध खणून पाहतो. तिथे पाणी आहे? मग दोष पुढच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचा मध्य. 'गिट' नावाचे एक साधन लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये केले, त्यात हीच सोय आहे. प्रोग्रॅममध्ये गेल्या वर्षात हजार बदल झाले आणि त्यातल्या एकाने बिघाड केला, तर तो बदल दहा तपासण्यांत सापडतो, कारण दोनाचा दहावा घात म्हणजे १,०२४.

शिक्षक मित्रांनो, आता तुमच्यासाठी. शाळेतले संगणक जुने असतील तर त्यावर अवजड कारखाना चढवू नका. पोरे पडदा उघडायची वाट पाहत तास घालवतात. पायथन शिकवायची तर 'थॉनी' नावाचा हलका एडिटर आहे. तो मुळात शिकणाऱ्यांसाठीच केला आहे आणि त्यात पायरीपायरीने चालवून दाखवता येते. ज्या मुलाकडे घरी संगणक नाही पण घरात अँड्रॉइड फोन आहे, त्याच्यासाठी 'टर्मक्स' आहे. काळा पडदा फोनवरच मिळतो. मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचे पाठ केले आहेत, त्यांतले पुष्कळ मराठी आवाजात ऐकायला मिळतात. आता तर २०२१ पासून ओळी सुचवणारी यंत्रेही आली. त्यांनी लिहिलेल्या ओळीत किडा निघाला तर तो शोधायचे काम पुन्हा मुलाकडेच येते, म्हणून आठवड्यातून एक तास यंत्र बंद ठेवून कागदावर प्रोग्रॅम चालवायला लावा. पाटीवर रकाने आखायचे, एका मुलाने ओळ वाचायची, दुसऱ्याने किंमत बदलायची. माझ्या मते पहिले तीन महिने साधा एडिटर आणि काळा पडदा, कारखाना नंतर. काही गुरुजी याच्या नेमके उलट करतात आणि त्यांचीही पोरे चांगली निघतात. मात्र दोन्ही दारे दाखवा.

आणि हो, एक सांगायचे राहिले. कुणी उत्साहाने विम उघडला, तर त्यातून बाहेर कसे यावे हे त्याला कळत नाही. जगभर याची थट्टा चालते. तर आधी 'एस्केप' ही कळ दाबावी. मग अपूर्णविरामाचे चिन्ह, म्हणजे कोलन, मग क्यू, मग उद्गारचिन्ह, आणि एन्टर. लिहिलेले टाकून देऊन बाहेर येता येते. लिहिलेले ठेवायचे असेल तर कोलननंतर डब्ल्यू आणि क्यू, उद्गारचिन्ह नको.