पिल्लू, पेटी आणि आपली कामाची वेळ



शाळा सुटताना एखादं पोर दप्तराबरोबर कुत्र्याचं पिल्लूही घरी घेऊन येतं. चार दिवस कौतुक चालतं. पाचव्या दिवशी आईबाप शेतावर, पोर शाळेत. मग पिल्लाच्या गळ्यात सुतळी बांधून त्याला दारच्या खुंटाला अडकवतात. ते दिवसभर केकाटतं, येणाऱ्याजाणाऱ्याचा राग धरतं. वर्षभराने पोस्टमनची पोटरी धरतं, आणि कोणीतरी त्याला पोत्यात घालून परगावच्या हद्दीत सोडून येतो. हे टाळायला एक साधी पेटी पुरते.

शहरात यासाठी लोखंडी जाळीचे पिंजरे मिळतात. आपल्याला फळांची लाकडी पेटी चालेल. फटींतून वारा खेळला पाहिजे, आणि वर आलेले खिळे आधी ठोकून घ्या. आत पिल्लाला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं. याहून मोठी नको. कुत्र्याची जात आपल्या झोपण्याच्या जागी घाण करीत नाही. पेटी ऐसपैस केलीत, की एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्या कोपऱ्यात शौच, असा संसार सुरू होतो!

पहिले तीन-चार दिवस पेटीचं दार लावूच नका. भाकरीचा काला आतच ठेवा. पिल्लू आपणहून झोपू लागलं, की पाच मिनिटं दार लावून जवळ बसा. मग दहा, मग अर्धा तास. उगाच कुरकुरलं तर गप्प होईपर्यंत थांबून दार उघडा. पण झोपेतून उठून कुरकुरलं, तर त्याला लघवी लागली आहे असं समजा आणि लगेच बाहेर न्या. शिक्षा म्हणून मात्र पेटीत कधीही कोंडू नका.

आता खरी अडचण वेळेची. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवा. फार तर तितके तास ते दम धरतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तीन तास, तेही जेमतेम. शाळा साडेदहा ते पाच. हिशेब जुळत नाही. तेव्हा गुरुजींनी मधल्या सुट्टीत घरी चक्कर मारावी, किंवा शेजारच्या आजींना सांगून ठेवावं. कोणीच नसेल, तर पेटीचं दार लावू नये. पडवीचा कोपरा फळ्या लावून अडवावा. पेटी उघडी ठेवावी, लांबच्या टोकाला माती पसरावी, आणि पाणी जड भांड्यात द्यावं. पत्र्याखाली, उन्हात पेटी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लाला दर वेळी एकाच जागी न्या. काम उरकताच तिथल्या तिथे शाबासकी द्या, भाकरीचा तुकडा द्या. घरात घाण झालीच तर त्याचं नाक त्यात घासायची आपल्याकडे रीत आहे. ती सोडा. पिल्लाला त्यातून एवढंच कळतं, की माणसाचा हात वाईट. रात्री पेटी अंथरुणाजवळ ठेवा आणि मध्ये एकदा उठायची तयारी ठेवा. तान्ह्या पोरासाठी उठतोच की आपण!

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. पेरणीत किंवा सुगीत आणू नये. गुरुजींना दिवाळीची सुट्टी बरी, पहिल्याच दिवशी आणावं. पार्वोची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते, रेबीजची तीन महिन्यांनंतर. पुढच्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यातून कागदावर लिहून घ्या. खेळताना पोराला दात लागला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पिल्लू वाढेल तशी पेटी मोठी करावी लागेल. साधारण सहा-आठ महिन्यांनी घर स्वच्छ राहू लागलं, की दार काढून टाका. दुपारी घर सामसूम झालं, की ते आपल्या पायांनी आत जाऊन झोपेल.