दुनळीचा जन्मदाखला

आजोबांची दुनळी हाती आली की आपण आधी तिच्यावर कोरलेलं नाव वाचतो. पण नाव खोटंही कोरता येतं. म्हणून परवानाधारक कारागिराकडून नळ्या उतरवून त्यांची खालची सपाट बाजू पाहावी. विलायती बंदुकीवर तिथे लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे बारीक ठसे असतात. ‘नॉट फॉर बॉल’ ही अक्षरं दिसली, तर ती चोकची, म्हणजे तोंडाशी किंचित निमुळती, नळी १८७५ ते १८८७ मधली. कुणी म्हणेल, ठसा आहे म्हणजे बंदूक भक्कम. तसं नाही, ठसा त्या दिवशीच्या चाचणीचा. पुढे गंजाने खड्डे पडले, नळी आतून घासली गेली, की किंमत उतरते आणि बार उडवणं जिवावर बेतू शकतं. मात्र मोल करण्याआधी पोलीस ठाण्यात कळवा: विनापरवाना बंदूक बाळगणं शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे, वारशाची असली तरीही.