कुरळे केस धुताना



कुरळ्या केसांत मुळाशी सुटणारं तेल…
वळणं घेत टोकापर्यंत पोचतच नाही.
त्यात ब्लीच केलं, तर टोकं आणखी कोरडी.

म्हणून, शाम्पू मुळांना… कंडिशनर टोकांना.

न्हाण्याआधी खोबरेल लावा.
केसांतली प्रथिनं त्याने कमी झिजतात.
मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली हे दाखवलं.

शाम्पू डोक्याच्या त्वचेवरच चोळा.
ओघळणारा फेस टोकांना पुरे.

मग कंडिशनर… सढळ हाताने.
तो केसांत असतानाच गुंता सोडवा.
मोठ्या दातांची फणी… टोकाकडून वर.
कोरडे विंचरलेत, तर तुटणारच!

पुन्हा सांगते.
शाम्पू मुळांना… कंडिशनर टोकांना.

टॉवेलने खसाखसा पुसू नका.
जुन्या सुती पंच्याने पाणी टिपा.

दुभंगलेली टोकं मात्र…
जाहिरात काही म्हणो, कापावीच लागतात.