नापास पोरांचे पुढे काय?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



दहावीचा निकाल लागतो आणि लगेच पेरणीचे दिवस येतात. गणित-इंग्रजीत गेलेला पोरगा गुमान औतामागे चालू लागतो. पोरगी असली तर महिन्याभरात पाहुणे दारात. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा राहून जातो, तो कायमचाच.

हे पोर ढ असते असे आम्ही मानत नाही. मोटर जळाली तर कुठली वायर गेली हे त्याला कळते. पण पाचवीत कापूस वेचायच्या दिवसांत शाळा बुडाली, अपूर्णांक राहिले. बरीच वर्षे आठवीपर्यंत कुणाला नापास करायचे नाही असा नियम होता, त्यामुळे राहिलेले तसेच पुढे ढकलले गेले आणि दहावीच्या पेपरात एकदम समोर आले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मोफत शिक्षणाचा हक्क दिला तो ६ ते १४ वयापर्यंत. म्हणजे पोर जिथे अडखळते, नेमका तिथेच कायदा हात सोडतो.

अशा पोरांसाठी वेगळी शाळा असू शकते का? पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला ती उभी राहिली. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत डॉक्टरेट घेतलेले शास्त्रज्ञ, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातले. ती नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम काढला. आठवी पास पोरालाही तिथल्या वर्षभराच्या निवासी अभ्यासक्रमात घेतले, दहावी नापासालाही घेतले. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, माती-पाणी तपासणी, कोंबड्या, रोपवाटिका, खाद्यपदार्थ, सगळे हाताने करायचे. केलेले काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे आणि त्याचा हिशेब पोरानेच लिहिला पाहिजे. गेटचे लोखंड किती लागेल हे मोजताना भूमिती येते, कोंबडीच्या खाद्याचा भाव काढताना टक्केवारी येते. फळ्यावर जे आठ वर्षांत डोक्यात शिरले नाही ते असे शिरते. कलबाग २००३ साली गेले, पण काम थांबले नाही. आठवी ते दहावीच्या साध्या शाळांतही आठवड्यातून एक दिवस असे काम शिकवण्याची पद्धत तिथूनच पसरली.

आता प्रत्येक तालुक्यात पाबळ नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तोवर जे दरवाजे उघडे आहेत ते तरी माहीत असावेत. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीत बसता येते. निकालानंतर थोड्याच दिवसांत पुरवणी परीक्षा होते. शाळा मधेच सुटलेल्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. शिवाय केंद्राने १९८९ साली काढलेले राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तिथे पाच विषय पुरतात, मराठीतून पेपर लिहिता येतो, सुटलेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही, आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. गणित तिथे सक्तीचे नाही, मात्र पुढे ज्या कोर्सला जायचे तिथे ते लागते का, हे आधी विचारून घ्या. नाहीतर दाखला हातात आणि दार बंद, अशी गत व्हायची.

दलालांपासून सांभाळा. हमखास पास करून देतो म्हणून जो पैसे मागतो, तो फसवतो. फॉर्म आपला आपण भरता येतो. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला शेजारी बसवा, झाले.

आमचे मागणे एवढेच. निकाल लागला की आठ दिवसांत प्रत्येक गावच्या कार्यकर्त्याने नापास पोरा-पोरींची यादी करावी. कुठला विषय गेला ते लिहावे, घरी जाऊन आईबापांशी बोलावे, आणि पुरवणीच्या फॉर्मची मुदत संपण्याआधी तो भरून घ्यावा. सुरुवात पोरींच्या घरांपासून करा. तिथे पाहुणे आपल्या आधी पोहोचतात. पुढच्या बैठकीला येताना यादी बरोबर आणा.