जेते आणि जित : बर्लिनच्या नाकेबंदीचा धडा

तह झाला की तोफा थंडावतात. मने मात्र त्याच दिवशी निवळत नाहीत. १९४५ साली जर्मनीत शिरलेल्या अमेरिकन सैनिकांना तेथील नागरिकांशी सलगी करण्यास सक्त मनाई होती. हस्तांदोलनदेखील आज्ञाभंगात जमा होई. जर्मनी हा मुक्त केलेला देश नव्हे, तर पराभूत शत्रुदेश होय, असे त्या वर्षीच्या एप्रिलमधील आदेशात स्पष्ट म्हटले होते. नाझींच्या छळछावण्या ज्यांनी उघडल्या, त्यांच्या मनातील हा कठोरपणा समजण्याजोगा होता. परंतु भुकेल्या मुलाकडे पाहून खिशातले चॉकलेट बाहेर काढणाऱ्या सैनिकापुढे हुकूम फार काळ टिकला नाही. काही महिन्यांतच तो शिथिल झाला.

तरीही ही दया होती, मैत्री नव्हती. दोहोंतील अंतर ओलांडले गेले ते बर्लिनमध्ये.

जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत नवे चलन आले आणि २४ जूनला सोव्हिएत अधिकाऱ्यांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, लोहमार्ग व जलमार्ग बंद केले. वीस लाखांहून अधिक लोक कोंडले गेले. दोनच दिवसांनी अमेरिकन विमाने पीठ व औषधे घेऊन उतरू लागली. ब्रिटिशही या कामात सहभागी झाले. तीन-चार वर्षांपूर्वी ज्या राष्ट्रांच्या विमानांची चाहूल लागताच लोक तळघरात धावत, त्यांच्याच विमानांची आता मुले वाट पाहू लागली. गेल हॅल्व्हर्सन या वैमानिकाने रुमालांच्या छोट्या हवाई छत्र्यांना बांधून मिठाई खाली सोडली, आणि बर्लिनकरांनी या विमानांना ‘मनुका टाकणारे बाँबर’ असे लाडके नाव दिले.

सप्टेंबर १९४९ पर्यंत पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्यांतून सुमारे तेवीस लाख टन माल आला. त्यात दोन तृतीयांश कोळसाच होता. या कामात ३१ अमेरिकन व ३९ ब्रिटिश मृत्युमुखी पडले. काही जर्मनांनीही प्राण गमावले.

तथापि, बर्लिनकर केवळ घेणारे राहिले नाहीत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. टेगेल येथे नवा विमानतळ उभारण्यासाठी हजारो नागरिक राबले. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. पडलेल्या घरांच्या विटा-दगडांचा चुरा धावपट्टीखाली घातला गेला आणि सुमारे तीन महिन्यांत तेथे विमाने उतरू लागली. अमेरिकन अभियंता आणि जर्मन मजूर एकाच कामावर उभे राहिले, तेव्हा जेता व जित हे नाते आतून बदलले.

कृतज्ञतेवर उभ्या राहिलेल्या नात्याची कसोटी पुढे लागायचीच होती. १९६१ साली भिंत उभी राहिली, तेव्हा अमेरिकेने हात आखडता घेतला, असे अनेक बर्लिनकरांना वाटले. १९६८ मध्ये त्याच शहरातील विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध रस्त्यावर आले. १९८३ मध्ये अमेरिकन क्षेपणास्त्रांना विरोध करण्यासाठी बॉनमध्ये लाखो लोक जमले. वडीलधाऱ्यांना हा कृतघ्नपणा वाटला. वस्तुतः उपकाराच्या ओझ्याखाली माणूस मान खाली घालतो. मित्राला मात्र तो खडसावून प्रश्न विचारू शकतो. भाकरीने आरंभलेले हे नाते मतभेद पचवू शकले, यातच त्याचे बळ दिसून आले.