ताकदीच्या गोळ्या आणि केसांची गळ

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



धानाला युरियाचा हप्ता जास्त पडला की काय होते, हे आपणास सांगायला नको. पीक हिरवेगार माजते, करप्याला बळी पडते आणि वारा आला की लोळते. जस्त कमी असलेल्या बांधीत हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट पुरते. दसपट टाकले म्हणून उत्पन्न दसपट येत नाही. माणसाच्या शरीराचेही असेच आहे.

केस गळू लागले की अनेकजण दुकानातून ताकदीच्या गोळ्या आणतात. परंतु काही द्रव्ये जादा झाली, तर त्यांच्यामुळेच केस गळतात. त्यांपैकी दोन महत्त्वाची आहेत.

पहिले, जीवनसत्त्व अ. ते चरबीत विरघळते व यकृतात साठते, लघवीवाटे सहज निघून जात नाही. मोठी मात्रा रोज, अनेक महिने घेतल्यास केस विरळ होतात, कातडी कोरडी पडते, डोके दुखते, यकृतास इजा होते. गरोदरपणात पोटातील बाळाला व्यंग येऊ शकते. शेवगा, तरोटा, पपई यांतून असे होत नाही, कारण त्यांतील रंगद्रव्यापासून शरीर गरजेपुरतेच जीवनसत्त्व तयार करते.

दुसरे, सेलेनियम. मोठ्या माणसाला हे खनिज दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. रोज ४०० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास अपाय संभवतो. अमेरिकेत २००८ साली एका पातळ पौष्टिक औषधात लेबलवरील प्रमाणाच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले. ते घेणाऱ्या २०१ जणांना बाधा झाली. त्यांतील बहुतेकांचे केस गळले, अनेकांची नखे खराब झाली.

गोळी न घेताही हे द्रव्य अन्नातून जादा जाऊ शकते. आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात, डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत अडीचशेहून अधिक लोकांचे केस गळाले. काहींना चार-पाच दिवसांत टक्कल पडले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस व गहू तपासून सेलेनियम वाढल्याचे आणि जस्त कमी असल्याचे मांडले. रेशनच्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखविले. पंजाबच्या काही भागांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. तेथील चारा खाऊन जनावरांचे केस झडतात, खूर फुटतात.

चंद्रपूर व गडचिरोलीत केस गळण्याची नेहमीची कारणे मात्र वेगळी असतात. मलेरिया किंवा टायफॉईडच्या तापानंतर, तसेच बाळंतपणानंतर, दोन-तीन महिन्यांनी केस गळतात व बहुधा आपोआप परत येतात. अंगात रक्त कमी असणे, जेवणात प्रथिने कमी असणे, थायरॉईडचा विकार, डोक्याचा नायटा हीही कारणे आहेत. कारण न शोधता गोळी घेणे म्हणजे रोग न ओळखता फवारणी करणे.

तेव्हा एवढे पाळावे :

१. केस गळू लागल्यास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे व रक्त तपासून घ्यावे.

२. एकाच वेळी दोन-तीन डब्यांतील गोळ्या घेऊ नयेत. निरनिराळ्या नावांत तेच द्रव्य असते व मात्रा वाढत जाते. लेबल वाचावे, डबा डॉक्टरांना दाखवावा.

३. घरात सिकलसेलचा रुग्ण असल्यास त्यास लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

४. गोळ्या सुरू केल्यावर केस गळू लागले व नखे पिचकू लागली, तर गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे जावे.

५. एकाच वाड्यात अनेकांचे केस गळत असतील, तर आशाताईंना लगेच कळवावे. खाण्यातले धान्य फेकू नये, तपासणीसाठी ठेवावे.

हे ऐकून कोणी अंगणवाडीतील अ जीवनसत्त्वाचा डोस किंवा गरोदर बाईची लोहाची गोळी बंद करू नये. लेकराचा डोस सहा महिन्यांच्या अंतराने, मोजून दिला जातो. तो डोळ्यांचे व जिवाचे रक्षण करतो. केस गेले तर बहुधा परत येतात, गेलेली दृष्टी परत येत नाही.

भातासोबत डाळ, अंडी किंवा मासळी, जवसाची चटणी आणि परसातल्या शेवग्याची भाजी रोज ताटात असू द्या. खताची मात्रा मोजता, तशीच गोळीचीही मोजा.